निवटीची साक्ष

१२ नोव्हेंबर

ठमीबाईस सोनूताईचा आशीर्वाद.

तुझे गुडघे कसे आहेत? निर्गुडीचा पाला बांधतेस की नुसताच उशाशी ठेवून वाळवतेस? दयारामभाऊजींची साखर उतरली का? देवळापुढच्या पेढ्यांच्या दुकानावरून जाताना त्यांचा हात धरून चालत जा. माणूस चांगला, पण जीभ वैरीण. सूनबाई अमिषाच्या ओकाऱ्या थांबल्या का? तिने चिंच मागितली की दे, उगाच सासूपणा करू नकोस. ऋत्विकचा खांदा बसला का जागेवर? आणि ती तुझी शिंगमोडी गाय दूध देते की अजून लाथाच?

सगळ्यांची खुशाली विचारून झाली. आता सांगते, हे पत्र मी पालीला पाठवणार नाही.

मला लिहिण्याची ही एकच रीत येते. शाळेची पायरी चढले नाही, अक्षरं शिकले ती एसटीच्या पाट्यांवरून. थळ, किहीम, अलिबाग, पेण. मग तुला पत्रं लिहून हात बसला. तुला फोनवर ऐकू येत नाही, आणि तू ओरडून बोलतेस ते पालीच्या बाजारात सगळ्यांना ऐकू येतं. म्हणून पत्रं. पण आता जे पोटात आहे ते तुलाही सांगायचं नाही. म्हणून ही वही. लिहायचं तुलाच, ठेवायचं तांदळाच्या डब्यामागे.

माझ्या नणंदेची मृणाली तुला आठवते. तिची थोरली लेक, जेमतेम नऊ वर्षांची. मृणालीच्या सासरी एकाच अंगणात दोन घरं, आणि दुसऱ्या घरात तिचा थोरला दीर. त्या माणसाने त्या लेकराला काय केलं ते मी लिहिणार नाही. त्याचं नावही लिहिणार नाही. मृणालीने हिंमत धरून पोलिसांत सांगितलं. केस उभी राहिली. पण तो जामिनावर सुटून त्याच अंगणात आला. मृणालीचा नवरा ट्रकवर, महिना-महिना बाहेर. धाकटं पोर तिच्या अंगावर पितंय. दुसरीकडे खोली मिळेपर्यंत पोरीला तिथे कशी ठेवायची? अलिबागच्या बालकल्याण समितीने विचारलं, नात्यात कोण आहे? मृणालीने माझं नाव घेतलं.

समितीच्या बाया घर बघून गेल्या. विहिरीला झाकण आहे का, न्हाणीच्या दाराला आतून कडी आहे का, सगळं पाहिलं. मग काल पोरगी आली. तिच्यासोबत रचना नावाची मुलगी आली, स्कूटरवरून. समितीने तिला नेमलंय. केस संपेपर्यंत पोलीस, कोर्ट, शाळा, सगळीकडे ती पोरीच्या बरोबर राहणार. मला म्हणाली, "आजी, हिचं नाव, गाव, काय घडलं, कुणालाही सांगायचं नाही."

मी म्हटलं, "सख्ख्या बहिणीलाही?"

"बहिणीला तर मुळीच नाही."

तिला तुझा आवाज ठाऊक असावा.

१९ नोव्हेंबर

पोरीला मी निवटी म्हणते. खाडीच्या चिखलात निवट्या मासोळ्या नसतात का, पाऊल वाजलं की सुळकन बिळात? तशी ही. फाटक वाजलं की खाटेखाली. खाली तिच्यासाठी गोधडी घालून ठेवलीय. लपायचंच तर मऊ जागेत लपावं.

गावात सांगितलंय, आईला बरं नाही म्हणून आलीय. रचनाने इथल्या शाळेत नाव घातलं. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी आवडीने खाते. काल मोठ्याने हसली, कोंबडा माझ्या अंगावर धावून आला तेव्हा. कोंबड्याला मूठभर तांदूळ जास्त टाकले.

२ डिसेंबर

ठमे, मला धसका बसलाय. साक्ष अजून लांब आहे, आणि पोर लहान. विसरली तर? एक शब्द इकडचा तिकडे झाला तर त्याचा वकील तेवढाच धरून बसेल. एसटीत एक बाई सांगत होती, तिच्या भावकीतल्या केसमध्ये वार चुकला आणि सगळंच गेलं.

मग विचार केला, सोनू, तू धवलारीण ना? आमच्या आगऱ्यांच्या लग्नात बामणाच्या मंत्राइतकाच आमच्या धवल्यांना मान. हळदीपासून वरातीपर्यंतचे धवले मी कागदाशिवाय म्हणते. सासूने शिकवले. ती एक ओळ म्हणायची, मी एक ओळ म्हणायची. चुकलं की पहिल्यापासून. अशा मी पुढे किती पोरी तयार केल्या. त्यातली एक तर आता माझ्यापेक्षा जास्त लग्नं घेते, लबाड.

तसंच हिला तयार करायचं. आज दिवा लावल्यावर तिला समोर बसवलं आणि काय घडलं ते एकदा सगळं सांगायला लावलं. तिला क्रम जमत नाही. मध्येच बंड्या कुत्र्याचं सांगते, मध्येच कुकरच्या शिट्ट्यांचं. मी म्हटलं, "कुत्र्याचं काय करायचंय गो? मुद्द्याचं बोल." मग मीच ओळी बांधल्या. साध्या, लक्षात राहतील अशा.

११ डिसेंबर

अर्ध्यापर्यंत आलो. निवटी हुशार आहे, माझ्या कुठल्याही शिष्येपेक्षा लवकर धरते. हात मांडीवर, नजर दिव्यावर, आणि भरभर म्हणते. रडत नाही. पहिल्या दिवशी फार रडली होती, आता एक टिपूस नाही. सराव झाला की धीर येतो, हे मी म्हणतच होते.

रचना आठवड्याला येते. तिला अजून सांगितलं नाही. हळद लागायच्या आधी नवरी दाखवत नाहीत. पूर्ण तयार झाली की एकदमच दाखवेन.

वेणीच्या शेपट्याचं टोक चावायची नवी खोड लागलीय तिला. कडुलिंबाचं तेल लावलं, तरी चावते.

२८ डिसेंबर

काल वाडीत पोपटी लावली. मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, वर भांबुर्डीचा पाला. निवटीला पूर्वी अंडं फार आवडायचं असं मृणाली फोनवर म्हणाली. हिने एकाला हात लावला नाही. हवा बदलली की पोट बिघडतं. अंथरूणही ओलं होतंय, या थंडीमुळे असणार. रात्रीचं पाणी कमी केलंय.

सूर्य बुडताना बघायला तिला फार आवडतं. ओसरीवरून हलत नाही. "आजी, आज दिवा उशिरा लाव ना," म्हणते. पोर आहे, मजा वाटते. पण दिव्याची वेळ चुकवून कसं चालेल? दिवा लागला की आमचं म्हणणं सुरू. आता एक शब्द चुकत नाही. मला तर दृष्ट काढावीशी वाटली, काढलीच.

१७ जानेवारी

सकाळी तुझं पत्र आलं. "दोन महिने कागद नाही, माझ्यावर रुसलीस का, की मेलीस?" वाचून हसले. हसले ते तेवढंच.

दुपारी रचना आली. साक्षीचे दिवस जवळ आले म्हणाली. मी म्हटलं, थांब, तुला गंमत दाखवते. निवटीला बोलावलं. ती उभी राहिली, दोन्ही हात अंगाला चिकटवून, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणाली. न अडखळता. शेवटची ओळ संपली आणि विचारलं, "आजी, मी आता जाऊ?"

रचनाने तिला जवळ घेतलं, कोंबड्या मोजून ये म्हणाली. पोर पळाली. मग रचना मला म्हणाली, "आजी, विहिरीपाशी या."

मी समजले, कौतुक करणार.

"किती दिवस चाललंय हे?"

"डिसेंबर लागल्यापासनं. रोज दिवेलागणीला. चुकत न्हाय बघ एक शब्द."

तिने रहाटाचा दोर घट्ट धरला. मग म्हणाली, "आजी, रागावू नका. तुम्ही तिला रोज संध्याकाळी त्या घरात परत पाठवताय."

मला काही कळेना. म्हटलं, "मी? मी तर तिला तिथनं बाहेर ठेवलीय."

"अंगाने बाहेर ठेवलीय. पोलिसांना एकदा सांगून झालं, मॅजिस्ट्रेटना एकदा सांगून झालं. आता फक्त कोर्टात एकदाच सांगायचं, म्हणून आम्ही धडपडतोय. तिच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नये यासाठीच तर हा सगळा खटाटोप. आणि हे असं पाठ म्हटलं, तर समोरचा वकील पहिलं काय म्हणेल? पोरीला पढवलंय. तिचं खरं खोटं ठरेल."

शेपटा चावणं, अंथरूण, अंडं, दिवा उशिरा लाव. ठमे, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं, वरातीतले गॅसबत्तीवाले जातात तसं एकामागून एक. मी विहिरीच्या कट्ट्यावर बसले.

रचना खाली बसली, माझ्या पायाशी. म्हणाली, "चूक माझीही आहे. कुणाला सांगू नका म्हटलं. तिला विचारू नका, हे सांगायचं राहिलं."

"आता?"

"आता लपवायचं नाही. सरकारी वकीलबाईंना मी आजच सांगते. आणि तुम्ही तिला काही विचारायचं नाही. काहीच नाही. अगदीच राहवलं नाही तर जेवलीस का, एवढं विचारा."

१८ जानेवारी

आगीतून काढून फुफाट्यात टाकली. हात माझेच.

धवला शिकवता येतो. तो डोक्यातून काढायचा कसा, हे सासूने शिकवलं नाही.

१९ जानेवारी

परवा आणि काल दिवेलागणीला मला काही सांगण्याचा धीर झाला नाही, देवळात निघून गेले. आज निवटी आपणहून समोर येऊन बसली, हात मांडीवर.

मी म्हटलं, "आज न्हाय म्हणायचं."

"उद्या?"

"उद्यापन न्हाय."

"मंग परवा पहिल्यापासनं?"

"कधीच न्हाय. माझं चुकलं बाय. मी तुला ते म्हणायला लावायला नको व्हतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मोठ्या माणसाचं चुकतं हे तिने कुणाच्या तोंडून ऐकलेलं नसावं.

"पन मी कोरटात चुकले तर?"

"चुकू दे. आठवंल ते सांग, न आठवंल ते न्हाय आठवत म्हन."

"कुत्र्याचं सांगू?"

"कुत्र्याचं सांग, मांजराचं सांग. तुझं हाय ते."

मग ती दिव्याकडे पाठ करून बसली आणि कोंबड्याचं नाव काय ठेवायचं यावर बोलत राहिली. मी तिला एकदाही मुद्द्यावर आणलं नाही.

६ फेब्रुवारी

पांढरा कांदा निघाला. दिवेलागणीला आता आम्ही कांद्याच्या वेण्या घालतो. पात ओली करून एकात एक गुंफायची, मधूनमधून कांदा. निवटीची वेणी सुरुवातीला सैल, कांदे घरंगळून कोंबड्यांत जायचे. आता घट्ट येते. हात गुंतलेले असले की तोंड बंद ठेवायला मला सोपं जातं. एवढी गप्प मी आयुष्यात बसले नव्हते. तिकडे तुला उचक्या लागत असतील, इतकं मनात बोलते.

कधी तिचे हात थांबतात. तेव्हा जीभ वळवळते, विचारावं काय झालं म्हणून. कांदा उचलून तिच्या हातात देते.

अंथरूण कोरडं आहे. अंडं अजून खात नाही. शेपटा चावते, पण कमी.

आज तिने मला उलटून उत्तर दिलं. "पानी तूच आन की, तुला पाय न्हाईत काय?" म्हणाली. मी पाणी आणलं आणि मनात देवाला नारळ बोलले.

१४ फेब्रुवारी

आज फाटकावर गोदूबाई उभी. म्हणजे त्याची आई. निवटीची सख्खी आजी. कुणी पत्ता दिला कोण जाणे, आमच्या जातीत बातमी वाऱ्याआधी पोचते. निवटी सुळकन आत.

"सोने, दार उघड. नातीला बघायला आले."

"कुनाची नात? हितं मी एकटी राहते."

"येड पांघरू नको. वलणीवर फ्राक वाळतोय तो काय तुझा हाय?"

मला हसू येत होतं, तरी फाटक उघडलं नाही.

"कोरटात उभी राहिली का पोरीचं नाव झालं सगळीकडं. कोन करंल तिला? तुझ्या धवल्यानं नवरा मिळनार हाय काय?"

"न्हाय मिळाला तर उपाशी न्हाय मरनार ती."

"माझ्या लेकाच्या हळदीला तूच बसलेलीस. माझ्या हातचं लुगडं घेतलंस. त्याच्या सुखासाठी धवला म्हटलास. आन आता त्याच्या मुळावर उठलीस?"

खरंच होतं ते. मीच म्हटला होता. म्हटलं, "ते लुगडं परत ने. आन तो धवलापन परत नेता येत असंल तर ने."

तिने फाटकाचे गज धरले. बोलता बोलता सगळा जोर गेला तिचा. "तो माझा लेक हाय गो सोने."

"व्हय," मी म्हटलं. "आन ती तुझी नात."

ती डोळ्याला पदर लावून गेली. फाटकाला सुकटीची पिशवी अडकवून गेली, ती तशीच ठेवलीय. टाकवतही नाही, रांधवतही नाही.

निवटीने सगळं ऐकलं होतं. खाटेखालून विचारलं, "ती आजी रडत व्हती?"

"व्हय."

"माझ्यामुळं?"

"न्हाय बाय. तिच्या पोरामुळं."

मग, "आजी, भूक लागली."

रचनाला कळवलं. ती लगेच समितीकडे आणि पोलिसांकडे गेली. साध्या साडीतली एक पोलीसबाई येऊन मला विचारून गेली, निवटीला हटकलंही नाही. माणसं पाठवून पोरीला गाठलंस तर जामीन जाईल, अशी त्याला तंबी मिळाली म्हणे.

२४ फेब्रुवारी

रचनाने निवटीला अलिबागला कोर्ट दाखवून आणलं, रिकामं असताना. मीही गेले. मागच्या बाजूने दार आहे, त्यामुळे त्याच्यासमोरून जायला लागणार नाही. साक्षीच्या खोलीत खेळणी आहेत, भिंतीला मासे रंगवलेत. निवटी म्हणाली, "यातला एकपन मासा आपला न्हाय." मध्ये पडदा.

"तो कुठं बसनार?" तिने विचारलं.

"पडद्याच्या पलीकडे," रचना म्हणाली. "त्याला तू दिसणार नाहीस, तुला तो दिसणार नाही. त्याचा वकील तुला थेट काही विचारणार नाही. तो न्यायाधीश मॅडमना सांगेल, आणि मॅडम तुला विचारतील. कळलं नाही तर कळलं नाही म्हणायचं. दमलीस तर थांबायचं."

"मुतायला लागली तर?"

"तरी थांबायचं."

निवटी पडद्यामागे जाऊन उभी राहिली, मला हाक मारली, "दिसतेय का?" मी म्हटलं, न्हाय. मग पुन्हा अलीकडे आली, पुन्हा पलीकडे. खात्री होईपर्यंत रचनाने करू दिलं.

सरकारी वकीलबाईंनी मला बाजूला घेतलं. "आजी, तुमच्या पाठांतराचं मी कोर्टापुढे झाकून ठेवणार नाही. एक करा. साक्षीच्या वेळी तुम्ही आत बसू नका. तुम्ही डोळ्याने सुचवलं असं कुणी म्हणायला नको. रचना बसेल."

इतक्या लग्नांत मी नवरीला सोडून उठले नाही कधी. मान डोलावली. दुसरं काय करणार?

५ मार्च

झालं. ठमे, झालं!

पण नीट लिहिते. सकाळी निवटीने भाकरी खाल्ली. कोंबड्याला सांगून निघाली. मागच्या दाराने रचना तिला आत घेऊन गेली. जाताना तिने माझा पदर सोडला तो एक बोट, एक बोट करून. मृणाली आली होती, तिचीही साक्ष व्हायची म्हणून तिला दुसरीकडे बसवलं होतं. मी व्हरांड्यातल्या बाकावर.

समोरच्या बाकावर गोदूबाई.

आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता बसलो. दार बंद. आतून काही ऐकू येत नाही. मी मनात देवाचं नाव घ्यायला लागले, तर तोंडात माझ्याच त्या बांधलेल्या ओळी यायच्या. किती पक्क्या बसल्या होत्या! माझ्या डोक्यात इतक्या, तर तिच्या किती? ती तेच म्हणायला लागली तर? हात अंगाला चिकटवून, भरभर? मग त्याचा वकील हसेल, आणि तो सुटेल, आणि त्याला सोडवणारी मी असेन. मी पाण्याची बाटली उघडली. तेवढ्यात गोदूबाईला ठसका लागला. थांबेना. मी बाटली तिच्याकडे सरकवली. पाण्याला कसलं वैर? ती प्याली, झाकण घट्ट लावून परत दिली.

एकदा दार उघडलं, मी उभी राहिले. निवटी मुतायला बाहेर आली होती. माझ्याकडे बघून हात हलवला आणि परत आत गेली, आपल्या पायांनी.

शेवटी वकीलबाई बाहेर आल्या. काय झालं ते सांगायचं नसतं, त्यांनी सांगितलंही नाही. फक्त माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तिला पुन्हा बोलवावं लागणार नाही, आजी."

रिक्षात निवटी मध्ये, मी आणि रचना दोन बाजूंना. मी विचारलं, "जेवशील काय?"

"वडापाव. दोन."

मग आपणच म्हणाली, "आजी, मी तुझं म्हटलंच न्हाय."

"बरं केलंस."

"तुझ्यात बंड्या नव्हता. मी बंड्याचं सांगितलं. तो दारावर पंजे मारत व्हता ते. आन कुकरच्या शिट्ट्या मी मोजत व्हते ते. मॅडमनी विचारलं, बंड्या कसा दिसतो. मी म्हटलं पायात मोजे घातल्यासारखा. त्या हसल्या. त्यांनी काळा कोटपन नव्हता घातला."

मी तोंडाला पदर लावला. कुत्र्याचं काय करायचंय, म्हटलं होतं मी.

"आन मॅडमनी विचारलं, तुला कुनी शिकवलं काय. मी म्हटलं, व्हय, आजीनं. पन मग आजी म्हनली तिचं चुकलं. आन ते आता मला येतपन न्हाय."

"येत न्हाय?"

"एक ओळपन न्हाय."

माझ्या शिष्येने सगळं विसरले म्हणावं आणि मी तिला छातीशी धरावं, असं पहिल्यांदाच झालं. रचना बाहेर नारळीच्या वाड्यांकडे बघत होती. तिचे डोळे भरलेले दिसले. वारा लागला असेल.

निवटीने दोन वडापाव खाल्ले आणि माझ्यातला अर्धा.

६ मार्च

सकाळी एक अंडं मागितलं. मी दोन उकडली. दोन्ही संपली.

९ मे

निकाल लागला. कोर्टाने पोरीवर विश्वास ठेवला. त्याला शिक्षा झाली, लांबची. वरच्या कोर्टात जातील म्हणे, पण त्यासाठी निवटीला उभं राहावं लागणार नाही, असं रचना शपथेवर म्हणाली.

मृणाली फोनवर रडत होती, आणि मध्येच हसत होती. तिचा नवरा निकालाच्या दिवशी ट्रक सोडून आला आणि तिच्या शेजारी बसला. उशिरा आला, पण बसला. भावाच्या बाजूला जाईल असं मला वाटलं होतं.

निवटीला सांगितलं, तो आता त्या अंगणात येणार नाही. तिने ऐकलं. म्हणाली, "मंग बंड्याला कोन भाकरी घालतं?"

फाटकावरची ती सुकटीची पिशवी मी अजून ठेवली होती. आज गोदूबाईला निरोप पाठवला, तुझी सुकट खराब होण्याआधी रांधली, चांगली होती. खोटं होतं. मुंग्या लागल्या होत्या. पण तिला आज कुणी काहीच बरं बोललं नसेल.

२० मे

निवटी गेली. मृणालीला दुसरीकडे खोली मिळाली, एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात कामही. गावाचं नाव लिहीत नाही. कानाला खडा लावलाय. दारात टेम्पो आला, त्यात भांडी, गाद्या, धाकटं पोर, आणि सगळ्यांत वर बंड्या. पायात खरंच मोजे घातल्यासारखा. निवटी त्याच्या गळ्यात पडली तेव्हा तो इतका ओरडला की गल्ली गोळा झाली. ती खाटेखाली गेली नाही.

मी तिच्या दप्तरात कोरी पोस्टकार्डं घातलीत, वर माझा पत्ता लिहून. कांद्याची एक वेणी दिली, तिनेच घातलेली.

घर फार शांत आहे. खाटेखालची गोधडी काढायला वाकले, काढली नाही. असू दे, मांजर झोपतं.

ठमे, तुझ्या पत्राला उद्या खरं उत्तर लिहीन. रुसले नव्हते, मेलेही नव्हते. एका पोरीला सांभाळत होते, एवढंच. तू खोदून विचारशील. मी गायीचं विचारेन.

आज मात्र पहिलं खरं पत्र निवटीला लिहिलं. पेटीत टाकण्याआधी इथे उतरवून ठेवते.

"माझ्या निवटीस सोनूआजीचे अनेक आशीर्वाद. तुझा कोंबडा तुझी वाट बघतो, माझ्या पायाला चोची मारून विचारतो. बंड्याला आंघोळ घाल, तो टेम्पोभर वास मारत होता. आईला कांदे चिरू दे, तू डोळे चोळू नकोस. नवी शाळा आहे. तिथे कुणी मागचं विचारलं तर तू सांगायला बांधलेली नाहीस. वाटलं तर सांग, न वाटलं तर पळत जा. मीही काही विचारणार नाही. दिवा लागला की काय जेवलीस ते मात्र मला कळव. भाकरी होती का, सोबत काय होतं, किती खाल्लीस, बंड्याला किती टाकलीस. एवढंच लिहून लवकर उत्तर धाड बाय, मी पोस्टमनची वाट बघत फाटकात बसलेय."